उपवासाला काय ‘चालतं’, आणि का?

आषाढी एकादशीला महाराष्ट्रातल्या बहुतेक स्वयंपाकघरांत एकसारखंच ताट वाढलं जातं. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचे गोड काप, वरीचा भात आणि त्यावर दाण्याची आमटी, वर एखादा राजगिऱ्याचा लाडू. भात, पोळी, डाळ, कांदा, लसूण यांना त्या दिवशी सुट्टी. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ असं आपण सहज म्हणतो आणि पुढच्या घासाला लागतो.

पण या ताटाची मुळं शोधत गेलं की थक्क व्हायला होतं. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो टॅपिओका दक्षिण अमेरिकेतला. बटाटा अँडीज पर्वतातला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, मिरची मेक्सिकोच्या बाजूची, रताळं आणि राजगिराही अमेरिका खंडातलेच. कोलंबस 1492 साली अमेरिकेला पोचला आणि पुढच्या शतकात पोर्तुगीज गलबतांतून ही पिकं हळूहळू आपल्या किनाऱ्याला लागू लागली. म्हणजे तेराव्या शतकात ज्ञानेश्वर आणि नामदेव ज्या काळात एकादशी करत होते, तेव्हा यांतलं एकही पीक हिंदुस्थानात नव्हतं. याउलट तांदूळ आपल्याकडे हजारो वर्षं पिकतो, देवाच्या नैवेद्यात त्याला पहिला मान आहे, आणि उपवासाला नेमका तोच चालत नाही.

घरचा चालत नाही आणि परका चालतो, हे कसं घडलं? याचं उत्तर शोधताना एखाद्या समाजाची मूल्यं त्याच्या ताटापर्यंत कशी पोचतात, हेही उलगडत जातं.

नांगराची रेघ

एकादशीला धान्य का वर्ज्य, याची पुराणातली कथा अनेकांनी ऐकलेली असते. त्या दिवशी सगळी पापं अन्नात, म्हणजे धान्यात, येऊन बसतात, म्हणून धान्य खायचं नाही. कथा म्हणून ती ठीक आहे, पण पापं धान्यातच का बसावीत, कंदात किंवा फळात का नाही, हे ती सांगत नाही. त्यासाठी आणखी मागे जावं लागतं.

जुन्या धर्मशास्त्रात माणसाच्या आयुष्याचे चार टप्पे सांगितले आहेत. त्यांतला तिसरा वानप्रस्थ. संसार मुलांच्या हाती सोपवून अरण्यात जायचं. अशा माणसाने काय खावं, याची चर्चा मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात आहे. नांगरलेल्या जमिनीत पिकलेलं त्याने खाऊ नये, असा तिथे स्पष्ट नियम आहे. कंद, मुळं, फळं, आपोआप उगवलेल्या गवतांचे दाणे हा त्याचा आहार. अशा अन्नाला ‘मुन्यन्न’ म्हणत, मुनींचं अन्न.

यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. नांगर आला की जमिनीची मालकी आली, बैल आला, पेरणी-कापणी आली, साठा आला, कोठार आलं. नांगर म्हणजे संसार. ज्याला संसारातून बाहेर पडायचं आहे, त्याने संसाराचं मुख्य फळ असलेलं धान्य सोडायचं. आता प्रत्येकाला काही अरण्यात जाता येत नाही. पण पंधरा दिवसांतून एकदा, घरात राहूनच, अरण्यवासी माणसासारखं जेवता येतं. माझ्या मते एकादशीचा उपवास म्हणजे गृहस्थाने एका दिवसापुरता घेतलेला वानप्रस्थ आहे.

हा विचार केवळ पोथीत राहिलेला नाही, याचा जिवंत पुरावा आपल्याकडे आहे: गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येणारी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचं काहीही खायचं नाही, हा नियम घरोघरच्या बायका आजही सांगतात. परसातलं अळू, लाल माठ, सुरण, पडवळ, शिराळं, कच्ची केळी असं सगळं एकत्र करून ‘ऋषीची भाजी’ होते. तळ्याकाठी न पेरता उगवणारा देवभातही या दिवशी खातात. इथे नियमाचं कारण नियमाच्या शब्दांतच शिल्लक आहे. एकादशीच्या बाबतीत कारण विसरलं गेलं आणि यादी तेवढी उरली.

शिंगाडा हे याच विचाराचं उत्तम उदाहरण. तो तळ्याच्या पाण्यात येतो, तिथे नांगर चालवण्याचा प्रश्नच नाही. वरी, जिला आपण भगर म्हणतो, ती खरं तर गवतवर्गातलं धान्यच. पण डोंगरउतारावर, हलक्या जमिनीत येणारा तिचा बारीक दाणा मुनींच्या रानधान्यांच्या जवळचा वाटतो. सह्याद्रीतले आदिवासी शेतकरी ती रीतसर पिकवतात, तरी तिची गणना उपवासाच्या अन्नात होते. म्हणजे प्रत्यक्ष नांगर फिरला की नाही, यापेक्षा पदार्थ कोणत्या गटातला ‘वाटतो’ याला जास्त महत्त्व आलं. पुढचं सगळं नाट्य इथूनच सुरू होतं.

नवा पदार्थ कुठल्या वाटीत?

मिसळणाच्या डब्यात ठरलेल्या वाट्या असतात. बाजारातून एखादा नवा मसाला आणला तर त्याच्यासाठी डबा बदलत नाहीत. असलेल्यांपैकी कुठल्या तरी वाटीतच तो जातो. संस्कृतीचंही असंच आहे. तिच्याकडे पदार्थांची यादी नसते, वाट्या असतात: धान्य, कंद, फळ, शाक, दूध, मांस. नवीन पीक आलं की लोक त्याचा इतिहास विचारत नाहीत. ते कशासारखं दिसतं, कुठे उगवतं, कशाऐवजी वापरता येतं, एवढंच पाहतात आणि वाटी ठरवतात. एकदा वाटी ठरली की त्या वाटीचे सगळे नियम त्या पिकाला आपोआप लागू होतात.

बटाटा आणि रताळं जमिनीखाली वाढतात, म्हणून ते सुरणाशेजारी, कंदांच्या वाटीत गेले. कंदमुळं म्हणजे ऋषींचा आहार. मग त्यांना उपवासाला कोण अडवणार? पेरूला आणि पपईला फळांची वाटी मिळाली. शेंगदाणा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तूर-हरभऱ्याचा भाऊबंद, शेंगवर्गीय. पण त्याची शेंग जमिनीखाली भरते आणि दाणा तेलकट असतो. डाळ म्हणून तो कुणी शिजवला नाही, म्हणून डाळींची बंदी त्याला लागली नाही. एकोणिसाव्या शतकात दख्खनच्या कोरडवाहू जमिनीत भुईमूग पसरला आणि उपवासाच्या ताटाला प्रथिनं आणि स्निग्धता पुरवणारा मुख्य आधार मिळाला.

मिरचीचं प्रवेशपत्र याहून मजेदार आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात फार तिखट, फार आंबट, फार खारट अन्न राजस म्हटलं आहे. त्या कसोटीवर हिरवी मिरची एकादशीला दारातही उभी राहू नये. पण मिरची आली तेव्हा तिखटपणाची जागा मिऱ्याकडे होती, आणि मिरं उपवासाला चालत होतं. मिरची स्वस्त, परसात येणारी. तिने मिऱ्याची वाटी घेतली आणि तिच्यासोबत तिची परवानगीही. कांद्या-लसणाचं तसं झालं नाही. मनुस्मृतीच्या काळापासून त्यांच्यावर नाव घेऊन बंदी होती. आधीच माहीत असलेल्या पदार्थाला पळवाट मिळत नाही, ती नव्याला मिळते.

राजगिऱ्याची गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. तो गवतवर्गातला नाही. माठाच्या कुळातल्या पालेभाजीचं ते बी. धान्यासारखा दळता येतो, त्याची भाकरी होते, लाही फुटते, तरी तो शाकाच्या वाटीतला, म्हणून उपवासाला चालतो. ज्या मेक्सिकोतून राजगिऱ्याच्या जाती आल्या, तिथेही तो पवित्रच होता. अझ्टेक लोक त्याच्या पिठाच्या देवमूर्ती करत आणि सणाच्या दिवशी त्या वाटून खात. स्पॅनिश सत्तेने तो प्रकार मूर्तिपूजा म्हणून दडपला आणि पिकालाही उतरती कळा लागली. मेक्सिकोत आजही त्याची लाही गोड पाकात घालून वडी करतात, अगदी आपल्या राजगिऱ्याच्या वडीसारखी. दोन संस्कृतींची ओळख नव्हती, विचार वेगळे होते, तरी दोघींनीही या बारीक बियांना रोजच्या जेवणापेक्षा वरची जागा दिली.

आणि साबुदाणा? मूळचा साबुदाणा आग्नेय आशियातल्या सागो नावाच्या ताडवर्गीय झाडाच्या खोडातल्या पिठाचा. तो मलायाच्या बाजूने येई आणि पचायला हलका म्हणून आजाऱ्याला त्याची पेज देत. झाडाच्या गाभ्यातलं पीठ, धान्याचा स्पर्श नाही, वर हलकं. उपवासाची दारं उघडायला एवढं पुरेसं होतं. दुसऱ्या महायुद्धात ही आयात थांबली आणि 1943-44 च्या सुमारास तमिळनाडूत सेलमला टॅपिओकाच्या कंदापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. कंद सोलून वाटतात, त्याचं दुधासारखं पाणी हौदात निवळू देतात, खाली बसलेल्या पिठाचे हलवून गोल दाणे करतात, ते तव्यावर भाजून उन्हात वाळवतात. झाड बदललं, देश बदलला, पण दाण्याचं रूप आणि नाव तेच राहिलं, म्हणून वाटीही तीच राहिली. आज सेलमच्या साबुदाण्याचं मोठं गिऱ्हाईक महाराष्ट्र आहे.

> चौकट: एकाच बटाट्याचे चार निवाडे
>
> एकादशी करणाऱ्या घरात बटाटा उपवासाचा राजा. शेजारच्या जैन घरात तो रोजच वर्ज्य. जैन विचारात अहिंसा सर्वांत वर. कंदमुळांत एका देहात अनंत जीव राहतात, त्यांना ‘अनंतकाय’ म्हणतात, म्हणून ती उपटून खाणं मोठी हिंसा. मुसलमान घरात रोजाच्या दिवशी बटाट्याला मनाई नाही, दिवसाला आहे: पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही नाही, त्यानंतर बटाटा खुशाल खावा. गोव्यातल्या किंवा वसईतल्या ख्रिस्ती घरात ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात शुक्रवारी मांस सोडतात. बटाट्याचा तिथे प्रश्नच येत नाही, आणि मासळीही चालते.
>
> चारही घरांत संयमाचंच मूल्य आहे. पण एकाने रेघ ओढली ती श्रमावर, दुसऱ्याने जिवावर, तिसऱ्याने वेळेवर, चौथ्याने प्राण्याच्या जातीवर. फटी मात्र सगळीकडे सापडतात. व्हेनेझुएलात कॅपिबारा नावाचा, पाण्यात डुंबणारा मोठा कृंतक प्राणी ख्रिस्ती उपासकाळात मासळीच्या गटात धरून खातात.

मूल्य आधी की हवामान आधी?

इथे एक जुना वाद आहे. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी 1966 साली ज्यूंच्या अन्ननियमांचा अर्थ लावताना म्हटलं की जे प्राणी समाजाने पाडलेल्या गटांत नीट बसत नाहीत ते अपवित्र ठरतात. डुकराचे खूर दुभंगलेले असतात, पण ते रवंथ करत नाही. धड इकडे नाही, धड तिकडे नाही, म्हणून वर्ज्य. अमेरिकी अभ्यासक मार्व्हिन हॅरिस यांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, डुकराला सावली आणि पाणी लागतं, ते माणसाच्याच अन्नावर डल्ला मारतं. मध्यपूर्वेच्या कोरड्या मुलखात ते पाळणं परवडत नव्हतं, म्हणून धर्माने बंदी घातली.

आपल्या चातुर्मासाकडे पाहिलं तर दोघांचंही थोडं थोडं खरं वाटतं. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, कांद्याची भजी, थालीपीठं करून कांद्याला निरोप द्यायचा आणि एकादशीपासून चार महिने तो सोडायचा. पावसाच्या दमट हवेत साठवणीचा कांदा सडतो, कोंब धरतो. श्रावणात मासळी बंद असते तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि माशांच्या विणीचा हंगाम असतो. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून कोळी पुन्हा होड्या लोटतात. महाराष्ट्र सरकारनेही यांत्रिक मासेमारीला 1 जून ते 31 जुलै बंदी घातली आहे ती याच कारणाने.

पण म्हणून प्रत्येक नियमामागे ‘शास्त्रीय कारण’ शोधण्याची जी हौस आज दिसते, ती मला मान्य नाही. हळद उपवासाला चालत नाही, ती कंदच असूनही. जिरं एका घरात चालतं, दुसऱ्यात चालत नाही. कोथिंबिरीवरून सासर-माहेरात मतभेद होतात. यांत पचनाचं किंवा हवामानाचं कारण शोधणं व्यर्थ आहे. नियम पाळण्याचा एक हेतू असा असतो की आपण कोणाचे आहोत हे त्यातून कळावं, आणि त्यासाठी नियम वेगळा असणं पुरेसं असतं, उपयुक्त असण्याची गरज नसते.

मूल्य जिभेपर्यंत कसं पोचतं

नियम डोक्यात राहिला तर तो मोडता येतो. तो पोटात उतरला की मोडणं अवघड. दीड-दोन वर्षांचं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं. किळस त्याला जन्मतः नसते, ती घरातल्या मोठ्यांच्या चेहऱ्यावरून ते शिकतं. पॉल रोझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह केलेला एक प्रयोग 1986 साली प्रसिद्ध झाला. पूर्णपणे निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ फळांच्या रसात बुडवून काढलं. धोका नाही हे माहीत असूनही लोकांना तो रस नकोसा झाला. स्पर्श झाला की दोष चिकटला, आणि मग तो धुऊन जात नाही, असं मन मानतं.

आपल्याकडे याच यंत्रणेला विटाळ हे नाव होतं आणि ती माणसांवर चालवली गेली. 1890 साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. त्या मंडळींत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. गोपाळराव जोशी या गृहस्थांनी उपस्थितांची नावं छापून आणली आणि शहरात गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली, रानड्यांनाही ते घ्यावं लागलं. दोष चहात नव्हता; तो कोणाच्या हातचा होता, यात होता.

पुढे कोल्हापुरात याच चहाने उलटं काम केलं. छत्रपती शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे या अस्पृश्य मानल्या गेलेल्या गृहस्थाला चहाचं दुकान काढायला मदत केली. दुकानाकडे कोणी फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले आणि सोबतच्या सरदार-अंमलदारांनाही पाजू लागले. मनात बसलेली किळस भाषणांनी जात नाही, पेला ओठाला लावावा लागतो, हे महाराजांनी ओळखलं होतं. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी प्यायलं, तेही याच अर्थाने. मूल्यं अन्न घडवतात हे खरं. तसं हिमतीने घेतलेला एक घोटही मूल्यं बदलू लागतो.

यादी कोणाची, कष्ट कोणाचे

‘महाराष्ट्राची खाद्यसंस्कृती’ असं म्हणताना आपण बहुधा काही थोड्या घरांच्या ताटाबद्दल बोलत असतो. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघरांची नोंद केली. काय खायचं हे मूल्यांनी ठरवण्याची मुभा ज्यांना नव्हती, गावाने जे वाट्याला येऊ दिलं त्यातूनच ज्यांनी चव उभी केली, त्यांचं हे अन्न. शीर्षकातलं ते एक ‘अ’ अक्षर फार मोठी गोष्ट सांगतं. निवड नसते तिथे खाण्याच्या सवयीला संस्कृतीचं नाव देताना जरा थांबलं पाहिजे.

घरातही हेच आहे. हरतालिकेचा कडक उपास, वटसावित्री, सोळा सोमवार, संकष्टी यांचा मोठा भार बायकांवर. उपवास तिचा, आणि ज्यांचा नाही त्यांच्यासाठी वरण-भात करायचा तोही तिनेच. संयमाचं मूल्य सगळ्या घराचं असेल तर त्याची किंमतही सगळ्या घराने वाटून घ्यायला हवी. एकादशीला निदान खिचडी तरी दुसऱ्या कोणीतरी परतावी.

आता या यादीला नवा लेखक मिळाला आहे. ‘उपवासाचा’ असा शिक्का मारलेले चिवडे, वेफर्स, पिठं, तयार इडलीचं मिश्रण दुकानात ओळीने मांडलेलं असतं. काय चालतं हे आजीऐवजी पाकीट सांगतं आणि सगळ्या जिल्ह्यांची ताटं एकसारखी होत चालली आहेत. म्हणून वाचकांना एक विनंती. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईजवळ बसा आणि तिच्या माहेरी उपवासाला काय चालत होतं, काय चालत नव्हतं, हे विचारून लिहून ठेवा. गावाचं नाव लिहा, जिऱ्याचं आणि कोथिंबिरीचं काय ते लिहा, वरीचा भात होत होता की शिंगाड्याची लापशी तेही लिहा. ही माहिती कुठल्याही पाकशास्त्राच्या पुस्तकात पुरती सापडणार नाही.